घोडीची कानटोपी

धाडमधल्या निम्म्या बायकांच्या ब्लाउजची मापं मला तोंडपाठ आहेत. शिलाई उसवली तर दोष माझा, आणि अंग सुटलं तरी दोष माझाच. इतकी वर्षं मशीनवर बसल्यावर कुणाच्या टोमण्यांचं काही वाटेनासं होतं. पण एक दिवस टेप घेऊन मला घोडीचे कान मोजावे लागतील, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला आधी पाणी प्यायला दिलं असतं.

आमच्या ह्यांचा धंदा लग्नात घोडी नेण्याचा. सासऱ्यांपासून चालत आलेला. परण्या निघाला, म्हणजे नवरदेव लग्नाआधी वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला निघाला, की त्याच्या खाली आमची पांढरी घोडी. तिचं नाव मी इथे सांगत नाही. नाव लिहिलं की दृष्ट लागते असं ह्यांचं म्हणणं आहे, आणि मी ह्यांच्याशी सगळ्या गोष्टींवर वाद घालते, पण घोडीवरून घालत नाही. परण्या पुढे सरकायला लागला की हे तिच्या तोंडाशी चालायचे आणि तिच्या कानाशी एकच वाक्य बोलत राहायचे, "हाव बाई, हाव. हाय मी." हो, मी आहे ना, एवढंच. तेवढ्यावर ती वाट्टेल त्या गर्दीतून जायची.

बँडबाजा होता तोवर हे जमलं. मग डीजे आला. भिंतीएवढे डबे रचलेली गाडी पुढे आणि घोडी मागे. पहिली एक-दोन वर्षं ती नुसती कान मागे पाडून चालायची. मग घाम फुटायला लागला. आणि जानेफळच्या एका लग्नात गाण्याचा दणका बसला तशी ती मागच्या पायांवर उभी राहिली. नवरदेवाने तिच्या मानेला मिठी मारली म्हणून वाचला, पण बाशिंग खाली पडलं. बाशिंग पडणं म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसाला समजवावं लागत नाही. मुलाची आजी तिथेच रडायला लागली. लागलं कुणालाच नाही, पण चार मोबाइलवर ते सगळं उतरलं, आणि हे घरी पोहोचायच्या आत ते धाडच्या बाजारात पोहोचलं होतं.

घरी येऊन ह्यांनी घोडीला पाणी दाखवलं, चारा टाकला आणि खाटेवर बसून सांगितलं की आता विकून टाकायची. तांग्याच्या शर्यतीवाला एक गिऱ्हाईक होता, तो कधीपासून मागे लागलेला. मलकापूरचं एक लग्न आधीच घेतलेलं होतं. ते झालं की त्याला बोलवायचं, असं त्यांनी ठरवूनसुद्धा टाकलं.

मी भांडले. शर्यतीत त्या बाईचं काय होईल ते मला माहीत होतं. पण खरं सांगायचं तर मला घोडीपेक्षा ह्यांची काळजी वाटत होती. हा माणूस सकाळी उठतो तो घोडीसाठी. खरारा करताना तिच्याशी जेवढं बोलतो तेवढं वर्षभरात माझ्याशी बोलत नाही. ती गेली तर तो त्या खाटेवरून उठणार नाही, हे मला समोर दिसत होतं. शेवटी एवढंच कबूल करून घेतलं की मलकापूरच्या परण्यात ती नीट चालली तर ठेवायची, बिथरली तर द्यायची.

माझी मुलगी लग्न होऊन तिकडे खामगावला असते. तिला रडून सांगितलं तर तिने सांत्वन करायच्या ऐवजी एक व्हिडिओ पाठवला. कुठल्या तरी परदेशातला घोडा, आणि त्याच्या दोन्ही कानांवर विणलेली टोपी. आवाजाने घाबरू नये म्हणून तिकडे घालतात म्हणे. मी आधी पोट धरून हसले. थंडीत म्हातारे घालतात ती कानटोपी! मग हसणं थांबलं, आणि मी टेप शोधायला लागले.

कापडाचं मला कळतं, पण घोड्याच्या तोंडावर काय कुठे बांधायचं ते कळत नाही. म्हणून गल्लीच्या टोकाला असणाऱ्या चाचांकडे गेले. मलकापूर स्टेशनवर तांगे होते तेव्हा चाचा लगाम आणि पट्टे शिवायचे. तांगे गेले, तसे मोटारसायकलच्या सीटांवर रेक्झिन चढवायला लागले. मी व्हिडिओ दाखवला तर त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि विचारलं की टोपी ठीक आहे, पण ती चढवू कोण देणार. घोडीच्या कानांना हात लावून दाखव आधी.

त्यांचं खरं होतं. आमच्या घोडीला कुणी कानाला हात लावलेला चालत नसे. तिच्या तोंडावर बारा महिने राहणारी मोहरकी होती नायलॉनच्या दोरीची, गाठी मारलेली. ती रोज कानांवरून ओढून चढवायची आणि ओढूनच काढायची. नाकाडावर दोरीने केस गेले होते आणि कानामागे कातडी राठ झाली होती. इतकी वर्षं सगळेच तशीच मोहरकी बांधत आले, त्यामुळे ते कुणाला दिसतच नव्हतं.

म्हणून चाचांनी आधी मोहरकीच नवी करायला घेतली. खाटेची रुंद निवार घेतली. आतून मी माझ्या नातवाच्या जुन्या दुपट्याचं मऊ कापड लावलं, म्हणजे नाकाला निवार घासणार नाही. आणि चाचांनी गालाजवळ स्कूलबॅगेला असतं तसं बक्कल बसवलं. आता कानांवरून काही ओढायचं कामच उरलं नाही. मोहरकी मानेमागून घ्यायची आणि गालावर अडकवायची. पहिल्यांदा घातली तेव्हा घोडी डोकं वर करून वाट बघत राहिली की आता कान ओढतील. कुणी ओढलेच नाहीत. चाचा हसून म्हणाले, आता हिच्याशी टोपीचं बोलू.

टोपी मी शिवली, आणि काय शिवली! लाल मखमल, सोनेरी लेस, मध्ये कलगी, कपाळावर बदाम. चाचा आणि मी दोघांनी मिळून दोन्ही कानांच्या टोकांना घुंगरांचे झुपके लावले. का लावू नये? लग्नाची घोडी वाजली पाहिजे, ही आमच्याकडची रीतच आहे. मुक्या घोडीला कोण बोलावतं? आजवर जे जे तिच्या अंगावर चढलं त्याला घुंगरू होतेच, म्हणून आमचे हात आपसूक तिकडे गेले.

टोपी चढवली आणि घोडीने मान हलवली. घुंगरू वाजले. ते कशाचे म्हणून तिने परत मान हलवली, परत वाजले. मग ती जी गरगर फिरायला लागली ती ह्यांना आवरेना. कानाला आवाज नको म्हणून केलेल्या टोपीत आम्ही कानातच आवाज बांधला होता.  आणि ह्यांना हसू फुटलं. जानेफळनंतर पहिल्यांदा. इतके हसले की भिंतीला टेकले. त्या फजितीचे मी आजही उपकार मानते.

घुंगरू काढून छातीपट्ट्याला आणि पायांत बांधले. टोपीच्या कानांत सरकी काढलेला कापूस भरला, चांगला दाबून. कापसाची काय कमी आमच्याकडे. मग शेजारच्याने ट्रॅक्टरवरचा टेप मोठ्याने लावला, आणि घोडी शांत उभी राहिली. मी देवाला हात जोडले. पण ह्यांनी तिला चालवायला घेतलं तर ती पाऊल टाकेना. इकडे बघे, तिकडे बघे, मान खाली घालून ह्यांच्या सदऱ्याला हुंगे. थोड्या वेळाने माझ्या ध्यानात आलं. हे बोलत होते, आणि तिला ते ऐकू येत नव्हतं. गाण्याबरोबर आम्ही ह्यांचा आवाजही बंद करून टाकला होता.

शेवटी ह्यांनी नुसता तिच्या गालावर हात ठेवला, आणि सवयीने तोंडाने पुटपुटत राहिले, "हाव बाई, हाव. हाय मी." तिचं इकडे तिकडे बघणं थांबलं. मग ते एक पाऊल पुढे गेले तशी तीही आली. हात काढला की थांबे, ठेवला की चाले. चाचांनी दुसऱ्या दिवशी मोहरकीला गालाजवळ एक जाड, मऊ मूठ शिवून दिली, जिच्यात हात घातला की बोटांची मागची बाजू तिच्या गालाला लागून राहील. त्यांच्या सगळ्या कामात मला ती मूठ सगळ्यात जास्त आवडते.

मी उरलेला कापूस गोळा करत होते. चाचा दोरा तोडत होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिच्या कानाईचं झालं, बेटा. त्याच्या कानाईचं काय?"

मला आधी कळलंच नाही. मग हे आठवले, घरात टीव्हीचा आवाज वाढवणारे. फोनवर ओरडून बोलणारे. मी तीनदा हाक मारली तरी न वळणारे. डीजेपासून घोडी जेवढी दूर, तेवढेच तर हेही दूर, आणि घोडीच्या आधीच्या घोडीच्या वेळचे बँडसुद्धा ह्यांच्याच कानांवरून गेलेले. मला वाटायचं माणूस बायकोचं ऐकत नाही. नवऱ्याला बायकोचं ऐकू येत नाही, याला आमच्याकडे कुणी आजार समजत नाही, स्वभाव समजतात. तो कापूस मी ओच्यात बांधून ठेवला. फार वाईट वाटलं.

मलकापूरच्या लग्नाला मी स्वतः गेले. ह्यांच्या फेट्याच्या आत, दोन्ही कानांवर येईल अशी कापसाची पट्टी मी शिवली होती. ते आधी नाही म्हणाले, लोक हसतील म्हणाले. मी म्हटलं, घोडीने घातली, तुम्हाला काय होतं? घोडीचं नाव काढल्यावर मग त्यांनी डोकं पुढे केलं.

परण्या निघाला. डीजे सुरू झाला तेव्हा माझ्या छातीत दणके बसत होते आणि मी पदर कानांवर घट्ट दाबून धरला होता. नवरदेव वर, मखमलीचे लाल कान ताठ, मध्ये कलगी. हे फेटा बांधून तिच्या गालाशी. मूठ हातात, ओठ हलत होते. तिला ऐकू येत नव्हतं, आता त्यांनाही फारसं येत नव्हतं, तरी त्यांचं बोलणं थांबलं नव्हतं. एका चौकात गाडी अडली आणि गाणं अगदी तिच्या तोंडावर वाजायला लागलं.  ह्यांनी मूठ आणखी जवळ घेतली. घोडीने मान खाली केली आणि कपाळ त्यांच्या खांद्याला लावून उभी राहिली, रस्ता मोकळा होईपर्यंत. मारुतीच्या देवळापुढे नवरदेव उतरला. बाशिंग जागच्या जागी होतं. नवरदेवाच्या बहिणींनी टोपीसकट घोडीचे फोटो काढले आणि मी रस्त्यातच उभी राहून रडले. कुणीतरी मला पाणी आणून दिलं.

शर्यतीवाला ठरल्याप्रमाणे आला. ह्यांनी त्याला चहा पाजला, घोडी दाखवली, आणि म्हणाले, "नाई देत. तिचं अन् माह्यं जमून राह्यलं."

त्यानंतर आसपासच्या गावांतल्या घोडीवाल्यांनी टोप्या शिवून नेल्या. बक्कलाच्या मोहरक्या चाचांनी शिवल्या, डोळे साथ देत होते तोवर. ते गेले त्याला आता काही महिने झाले. त्यांच्या मयताला हे घोडीला सोबत घेऊन गेले होते, टोपीशिवाय, नुसती मोहरकी घालून. 

बुलढाण्याच्या डॉक्टरने ह्यांचे कान तपासून सांगितलं की गेलं ते येणार नाही, राहिलं ते जपा. जपतो आहोत. चाचा त्या दिवशी बोलले नसते तर तेवढंही राहिलं नसतं, हे मी कधी विसरत नाही.

आता मी घरातून हाका मारत नाही. उठते, जवळ जाते आणि त्यांच्या गालाला बोटांची मागची बाजू लावते. परवा ते खरारा करत होते, पाठ माझ्याकडे. जेवायला बोलवायचं म्हणून मी मागून जाऊन तसाच हात लावला. ते वळले नाहीत. घोडीच्या पाठीवरचा हातही थांबला नाही.

"हाव बाई, हाव," ते म्हणाले. "हाय मी."