नापासांच्या घरी जाणारे भाऊ

मॅट्रिकच्या निकालादिवशी कामशेतात पास झालेल्यांच्या दारात पेढे खायला गर्दी व्हायची. गणपतभाऊ मात्र सायकल काढून नापास झालेल्यांच्या घरी जायचे. ते पोस्टात कारकून होते. मुलं आपले नंबर आधीच त्यांच्याकडे देऊन ठेवत. जे नंबर पेपरात नसत, त्यांची नावं भाऊ शाईनं तळहातावर लिहून घेत आणि गावोगाव फिरत.

एकोणीसशे साठनंतरच्या एका जूनमध्ये त्या तळहातावर माझं नाव होतं. मी जवळच्या बेडसे गावातली, शेतकऱ्याची मुलगी. गणित आणि इंग्रजी, दोन्ही विषय गेले होते. भाऊंची सायकल दिसताच मी गोठ्यात जाऊन तोंड लपवलं. माझे वडील ओट्यावरूनच म्हणाले, "भाऊ, झालं हिचं शिक्षान. आता लगीन उरकून टाकतो."

"उरका की," सायकल भिंतीला टेकवत भाऊ म्हणाले. "पन ऑक्टोबरच्या परीक्षेपातुर दम धरा. इषय गेल्यात, पोरगी कुटं गेलीया? ती हितंच हाय न्हवं?"

हे वाक्य ते प्रत्येक घरी म्हणत, हे मला पुढं कळलं. पोस्ट बंद झालं की मागच्या पडवीत ते आम्हा चार-पाच जणांना घेऊन बसत. इंग्रजी शिकवायला त्यांच्याकडे तार करायचे रद्दी फॉर्म होते. "आय आजारी हाय, लगोलग ये. लिव्हा इंग्रजीत, दहा शब्दांत," म्हणत, आणि अकरावा शब्द दिसला की खोडून टाकत.

ऑक्टोबरला मी पास झाले, पण थर्ड क्लासात. पुण्याच्या कॉलेजनं अर्ज परत पाठवला. तो लखोटा भाऊंनीच माझ्या हातात दिला. मी पोस्टाच्या खिडकीसमोरच रडायला लागले.

"कॉलेजात बसू देत न्हाईत, तर न बसता शिक," ते म्हणाले. "आदी शाळेवर नोकरी धर. मंग बाहेरून परीक्षा दे. वर्सं लय लागतील, पन हुईल."

त्यांनीच अर्ज लिहून दिला. मला डोंगरावरच्या ठाकरवाडीत मास्तरणीची नोकरी लागली. बी.ए.ची पुस्तकं भाऊ कुठून कुठून मागवून घेत, आणि मी शनिवारी दुपारी शाळा सुटली की खाली उतरून ती न्यायची.

अशाच एका शनिवारी पोस्टासमोरच्या भाताच्या गिरणीत एक हमाल पोती उतरवताना दिसला. नाकडोळे थेट भाऊंचे. मी विचारलं, तसे भाऊ शिक्का मारता मारता थांबले.

"धाकटा भाव माजा. किसन. त्यो नापास झाला तवा मी नुकता पोस्टात लागलो हुतो. लय ताठा हुता मला. तुज्या डोस्क्यात काय शिरत न्हाई म्हनून मीच त्याला गिरणीत लावला. त्यानं एकदाच इचारलं, दादा, ऑक्टोबरला बसू का? आन् मी हासलो."

त्यांनी पुन्हा शिक्का उचलला, पण तो कागदावर नीट उमटला नाही.

दर जूनला भाऊ ऑक्टोबरच्या परीक्षेचा एक कोरा फॉर्म घेऊन किसनकाकांकडे रस्ता ओलांडून जात. एकदा मी तिथंच होते. किसनकाकांनी डोक्याच्या फडक्याला हात पुसले, फॉर्म उलटसुलट पाहिला आणि परत दिला. "दादा, आता ह्या बोटांत पेन ऱ्हात न्हाई." आवाजात राग नव्हता. राग असता तर भाऊंना बरं वाटलं असतं.

मला बी.ए. व्हायला सात वर्षं लागली. त्यानंतरच्या पावसाळ्यात भाऊ काविळीनं गेले. इंद्रायणीच्या काठी आम्ही सगळे जमलो. कुणी तलाठी झाला होता, कुणी नर्स, कुणी रेल्वेत, एक जण तर वकील. मडकं किसनकाकांनी धरलं होतं. सगळं आटोपल्यावर ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"ह्ये समदे नापास झालेले व्हय?"

"व्हय, काका. मी पण."

ते त्या माणसांना एकेक करून बोटानं मोजायला लागले.

"आन् समद्यांच्या घरी दादा गेलता?"

मी होकारार्थी मान हलवली. किसनकाकांमुळंच भाऊ आमच्या दारात आले होते, हे मला ठाऊक होतं. पण ते त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही.