कुंकू लावलेले ऑइल फिल्टर

माझ्या पत्र्याच्या पेटीला कुलूप असतं, म्हणून खुटबावात मला नावं ठेवणारे बरेच आहेत. बाईच्या पेटीत काय असणार, दागिने नाहीतर माहेरचं काहीतरी. माझ्या पेटीत जीपचे ऑइल फिल्टर आहेत, शिरूरच्या एका जुन्या गॅरेजातून धुंडाळून आणलेले. ठेवा नावं. आधीच्या फिल्टरांचं काय झालं ते एकदा ऐका आणि मग ठेवा.

जीप आमची जुनी, डिझेलची. कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलं. मागची बाकं काढून मी तिच्यात फुलं भरते आणि पुण्याच्या मार्केटला स्वतः नेते. आमचे हे सणसवाडीच्या एका कंपनीत स्टोअरला आहेत. तिथंच खोली घेऊन राहतात, सुट्टीला घरी येतात. थोरल्या दिरांना सगळे आप्पा म्हणतात. ऊस त्यांचा, पाटसच्या कारखान्याला घालतात, त्यासाठी नवा ट्रॅक्टर घेतलाय. फुलं माझी. कधी तोडायची, कुठल्या गाळ्यावर उतरवायची, कुठल्या भावाला सोडायची, हे मी ठरवते, आणि ते केवळ जीप आहे म्हणून. जीप बसली की माझा माल आप्पांच्या ओळखीच्या टेम्पोत जाणार आणि विक्रीच्या पैशांची पट्टी आप्पांच्या हातात पडणार. हे मला माहीत आहे, आप्पांना माहीत आहे, घरातल्या मांजराला माहीत आहे.

दौंडमधलं स्पेअरपार्टचं एक दुकान बंद होत होतं, तेव्हा त्यांच्याकडं राहिलेले या जीपचे सगळे फिल्टर मी उचलले. दुसऱ्या बनावटीचा एकदा लावून पाहिला होता. यवतपर्यंत ऑइल गळत गेलं. परत तो खेळ नको होता.

फिल्टर ठेवायचे कसे, हे ह्यांनीच शिकवलं. खोक्यातून बाहेर काढायचा नाही. तोंडावरचं प्लॅस्टिक बसवायच्या दिवसापर्यंत फाडायचं नाही. आत घड्यांचा कागद असतो, त्याला ओल लागली की तो कामातून गेला. मधल्या भोकात काही पडलं तर ते थेट इंजिनात, पुढं अडवायला कुणी नाही. युरियाच्या पोत्यांजवळ ठेवला तर पत्रा गंजतो, पत्र्याच्या शेडात उन्हात ठेवला तर रबराची रिंग वाळून चिरते. वर वजन ठेवायचं नाही. जुना आधी वापरायचा. हे सगळं ह्यांनी मी कंपनीतली लोडर असल्यासारखं सुनावलं. तिथं कुणी प्लॅस्टिक फाडून माल रॅकवर ठेवला तर हे त्याला आख्ख्या शिफ्टसमोर झापतात, हेही वर सांगितलं. मी मुकाट ऐकलं, कारण बोलणं खरं होतं. धान्याच्या खोलीत फळीवर पेटी ठेवली, पेटीत खोकी एका रांगेत लावली. तेव्हा कुलूप नव्हतं.

मग खंडेनवमी आली. झेंडूवाल्याला त्या दिवशी पूजा कुठली? पहाटेच जीप भरून मी मार्केट गाठलं. दुपारी घरी आले तर ओट्यावर विळे, कोयते, पान्हे, फवारणीचा पंप आणि त्यांच्या पुढं माझे सगळे फिल्टर, खोक्यांतून काढून, प्लॅस्टिक फाडून, उताणे मांडलेले. प्रत्येकावर पाणी शिंपडून हळद-कुंकू वाहिलेलं, वर झेंडू. आणि फिल्टरच्या तोंडावर गोल रांगेत जी बारीक भोकं असतात ना, त्यांत उदबत्त्या खोचलेल्या. देवानं जणू त्यासाठीच ती पाडली होती. राख मधल्या भोकात पडत होती.

"जीप घरी न्हवती," आप्पा म्हणाले. "म्हटलं, तिच्या सामानाची तरी पूजा व्हावी."

"प्लॅस्टिक कशाला फाडलं, आप्पा?"

"प्लॅस्टिकवर कुंकू ऱ्हात न्हाई. आन् पूजाच केली, पाप न्हाई केलं कुनाचं."

पाप केलं असतं तर बरं झालं असतं. पापाशी भांडता येतं. पूजेशी भांडणारी बाई म्हणजे घरात अवदसा. आप्पांनी मुद्दाम केलं की भोळेपणानं, हे मला आजही सांगता येणार नाही, आणि खरं सांगायचं तर फरकही पडत नाही. मला इतका संताप आला होता की हातातलं क्रेट खाली ठेवायचं भान राहिलं नाही.

ह्यांना फोन केला. सगळं ऐकून घेऊन हे म्हणाले, "जाऊ दे ना. आप्पांचा मान हाय. सनासुदीचं नको." शिफ्टसमोर झापणारा माणूस हाच का, असं विचारावंसं वाटलं. मी फोन ठेवला.

सुट्टीला हे आले. मी सगळे फिल्टर दोघा भावांच्या पुढ्यात ओट्यावर मांडले. म्हटलं, "तुम्ही स्टोअरचं मानूस. हा माल आत घ्याल का परत पाठवाल?"

ह्यांनी एक उचलला, मधल्या भोकात पाहिलं, तळहातावर उलटा आपटला. राख, कुंकू आणि सुकलेली एक पाकळी पडली. ह्यांच्या कपाळाला आठी पडली. तेवढ्यात आप्पा खाकरले आणि आठी गेली.

"बसवून बघू एखादा," हे म्हणाले. "काय होतंय."

"देवाचं हाय," आप्पा म्हणाले. "गाडी उलट चांगली चालंल."

"मग पहिला मान नव्या ट्रॅक्टरला," मी म्हटलं. त्याच्या इंजिनावरचे आटेही तेच आहेत, हा फिल्टर तिथं चढतो, हे मला ह्यांनीच सांगितलं होतं. एक फिल्टर आणि पान्हा उचलला आणि अंगणात चालू लागले. आप्पांनी तोंड उघडायच्या आत हेच माझ्यामागं धावले आणि माझ्या हातातून फिल्टर हिसकावून घेतला.

"ट्रॅक्टरला नको," हे म्हणाले. "इंजिन जाईल."

आप्पा खाली बघायला लागले. मी ह्यांच्याकडं बघत होते.

"आता हेच जीपकडं बघून म्हणा," मी म्हटलं.

हे कुंकू लागलेल्या हातात फिल्टर धरून तसेच उभे राहिले. अजून म्हणालेले नाहीत.