बिनदोऱ्याची मशीन

माझ्या अंगाला शिंप्याचा हात लागलेला नाही, हे मी जन्मभर छाती काढून सांगत आलो. डेअरीवर दूध घालताना सांगितलं, लग्नाच्या मांडवात सांगितलं, मंचरच्या बाजारात तर कापडदुकानासमोर उभं राहून सांगितलं. शेवटची काही वर्षं लोक ऐकून हसायचे. मला वाटायचं, कौतुकानं हसतायत.

मी अवसरी बुद्रुकचा. तिसरीपर्यंत शाळा केली आणि बैलांमागं गेलो. आमची मंडळी माहेरची डिंगोऱ्याची. लग्नात तिच्या बापानं पायानं चालवायची शिलाईची मशीन दिली. भांडी द्यायची सोडून हे काय लोखंड दिलं म्हणून आमच्या भावकीतल्या बायकांनी नाकं मुरडली. वर्षभरात त्याच बायका परकराला टीप मारून घ्यायला आमच्या दारात बसायला लागल्या.

तिनं घरात विकतची कापडं येऊ दिली नाहीत. माझी कोपरी, माझा लेंगा, तिची झंपरं, पोरांचे शाळेचे कपडे, सगळं त्या मशीनवर. कोपरी म्हणजे पांढऱ्या मांजरपाटाची, कोपरापर्यंत बाही, बाजूला बांधायचे बंद, आतून खिसा. आता माझ्यासारखी दोनचार म्हातारी घालतात तेवढीच. तिच्या कोपरीत एक खुबी होती. बगलेत ती हातरुमालाच्या घडीएवढा चौकोनी तुकडा तिरका बसवायची. त्यामुळं पोतं डोक्यावर घेतलं, कुऱ्हाड चालवली, तरी बगल उसवत नव्हती. विकतची शर्टं पहिल्या पोत्याला फाटतात. मी ते शर्टवाल्यांना तोंडावर सांगायचो.

दर दिवाळीला दोन कोपऱ्या व्हायच्या. जुन्या झालेल्यांनी मी विहिरीवरच्या मोटारीचं ग्रीस पुसायचो. तेव्हा कशाला वाटतंय की हे जपून ठेवावं.

चारपाच वर्षांमागं माझ्या बरोबरीचा एकजण गेला, त्याला घाईघाईत दुकानातलं धोतर आणि भलत्याच मापाचा सदरा घातला. ते बघून मी घरी आलो आणि मंडळीला म्हणालो, एक कोरी कोपरी पेटीत ठेवत जा, मला तुझ्या हातच्या कोपरीत न्यायचं. तिनं मान हलवली. त्या दिवाळीपासून एक कोपरी पेटीत जायची, तिच्यात कडुलिंबाचा पाला घालून. पुढच्या दिवाळीला ती मी वापरायला काढायची आणि नवी तिच्या जागी ठेवायची. मरणाची एवढी सोय लावून ठेवलेला माणूस मी.

पण ती माझ्या आधी गेली. साखर होती, ती किडनीला लागली. गेल्या वर्षी कांदा काढायला आला होता आणि ती गेली. कांद्याचं काय झालं ते मला आजही नीट आठवत नाही.

वर्षश्राद्ध झालं. अंगावरच्या दोन्ही कोपऱ्या विरल्या होत्या. उरली पेटीतली एक, ती तर मी मरणासाठी ठेवलेली. मग मनाचा हिय्या केला, मांजरपाट घेतलं, पेटीतली कोपरी नमुन्याला पिशवीत घातली आणि मंचरला एका शिंप्याकडं गेलो. शिंप्याच्या दुकानाची पायरी मी पहिल्यांदा चढत होतो. चढतानाही तोंड गप्प बसलं नाही. कोपरी त्याच्या टेबलावर टाकून म्हणालो, हिच्यासारखी हुबेहूब शिवायची, जमत नसलं तर आत्ताच सांग, हे बाईच्या हातचं काम आहे.

शिंपी माझ्या पोराच्या वयाचा. त्यानं कोपरी उलटी केली, बगलेतला चौकोन बघितला, मग माझ्याकडं बघितलं.

"अवसरीच्या आजी तुमच्या कोण?" त्यानं विचारलं. "दिवाळीच्या आधी सुनेला घेऊन यायच्या त्या?"

"माझी मंडळी. का?"

त्यानं कोपरीची घडी घातली. लई सावकाश घातली. "बाबा, ही माझ्याच हातची हाय."

मी त्याला खोटारडा म्हणालो. आणखीही बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो चिडला नाही. खालचा खण उघडून त्यानं एक सुतळी काढली. तिला जागजागी गाठी मारलेल्या. ही छाती, ही उंची, ही बाही, असं बोटानं दाखवत गेला. ते माझं माप होतं. दर वर्षी आजी नवी सुतळी आणायच्या म्हणाला, बगलेतला चौकोन कसा बसवायचा तेही त्यांनीच शिकवलं. आणि एक अट असायची. बंद लावायचे नाहीत, ते त्या घरी लावणार.

ते मला बरोबर आठवलं. दिवाळीच्या तोंडावर ती माझ्यासमोर ओट्यावर बसून हातानं बंद लावायची. सून सुईत दोरा ओवून द्यायची.

कापड, कोपरी आणि ती सुतळी पिशवीत कोंबून घरी आलो. सून पडवीत लसूण सोलत बसली होती. मी पिशवी तिच्यासमोर आपटली आणि विचारलं, किती वर्षं? तिनं पिशवीतली सुतळी बघितली आणि सगळं समजली.

"सहा."

"तुला ठावं व्हतं?"

"मीच न्यायची की त्यांना."

पोराला ठाऊक होतं. सासरी गेलेल्या पोरीलाही ठाऊक होतं. डेअरीवर मी बढाई मारायचो तेव्हा तिथल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं, कारण त्यांच्या बायकांनी तिला त्या दुकानात बघितलेलं. घरातल्या मांजराला तेवढं कुणी सांगितलं नसेल, आणि मला.

पण मशीन चालताना मी स्वतः ऐकली होती. ओट्यावर बसलो की आतून तासतासभर खडखड यायची. मी हाक मारून विचारायचो, किती झाली? ती म्हणायची, एक बाही राहिली. हे मी सुनेला सांगितलं, जसा काही पुरावाच देतोय.

"सुईत दोरा नसायचा, आबा," सून म्हणाली. "फडकं सरकवत बसायच्या."

मग तिनं एकेक सांगितलं. साखरेनं डोळ्यांचे पडदे खाल्ले होते. ऑपरेशन करून उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाला होता. ती भिंतीला हात लावून घरात फिरायची. तांदळात खडे निघायला लागले होते, त्यावरून मी बोललोय. चहात साखरेऐवजी मीठ पडलं, त्यावरून बोललोय. वय झालं, आळस आला, असंच मी धरून चाललो. एकाच घरात राहून मला दिसलं नाही. डोळे तिचे गेले होते.

"मला का नाय सांगितलं?"

सुनेनं हातातला लसूण खाली ठेवला.

"तुमी उलट्या बाहीची कोपरी त्यांच्या अंगावर फेकली, ते ध्यानात हाय का? डोळं फुटलं का तुजं, म्हणला व्हता. त्याच दिशी आमी डॉक्टरकडनं आलो व्हतो. त्या तेच सांगायला तुमच्याकडं आल्या व्हत्या."

ध्यानात होतं. एक बाही शिवण बाहेर करून लागली होती. मी फेकली आणि रानात निघून गेलो. चार दिवसांनी नीट शिवलेली कोपरी खुंटीला दिसली, तेव्हा मी म्हणालो, आता कसं बरोबर जमलं. शिंप्याची पहिली कोपरी ती.

माझं तोंड वाईट, हे मी नाकारत नाही. त्या तोंडाबरोबर तिनं पन्नास वर्षं काढली. दुसऱ्या दिवशी सांगायचं होतं, वर्षानं सांगायचं होतं. मी कोपरीवाचून मेलो नसतो. आणि सहा वर्षं तिनं मला शिंप्याच्या कापडात फिरवलं ते एक वेळ सोडून देतो. पण तुझ्या हातच्या कोपरीत मला न्या, असं मी सांगितलं, तेव्हाही तिनं मान हलवली. पुढं दर दिवाळीला त्या परक्या कोपरीत स्वतःच्या हातानं पाला घातला. मी मेल्यावरही मला फसवायची तयारी होती तिची. हे मला गिळवत नाही.

तिसऱ्या दिवशी सुनेला विचारलं, ती मी फेकलेली कोपरी, तिचं काय केलं? वाटलं, बाही उलटी असली तर असू दे, हात तरी तिचा आहे. तीच घालून मला नेतील.

"ती मशीनीवर हाय," सून म्हणाली.

मशीनीवर पांढरं फडकं असायचं, सहा-सात वर्षं रोज बघत होतो. उचललं तर कोपरीच. मशीनीच्या डोक्यावरनं बसावी म्हणून तिनं गळा शिवून बंद केला होता आणि बाह्या आत खोचल्या होत्या. एक बाही अजून उलटीच. गळा उसवला की कोपरी पुन्हा घालण्यासारखी झाली असती. मी ब्लेड आणलं, चष्मा लावला, उजेडात बसलो.

गळ्याचे टाके हाताचे होते. एक बोटभर लांब, दुसरा गव्हाएवढा. ओळ सरळ निघून मध्येच खाली उतरलेली, पुन्हा चाचपत वर आलेली. दोन ठिकाणी सुई कापड सोडून गेलीय आणि दोरा नुसता लोंबतोय. इतकी वर्षं तिच्या शिलाईकडं मी कौतुकानं बघितलं, पण एक टाका म्हणून नीट बघितला नव्हता. हे दिसत नसताना घातलेले टाके. आणि कोपरी घालायची तर मला नेमके तेच कापायचे होते.

ब्लेड मी कागदात गुंडाळून ठेवून दिलं. कोपरी होती तशी मशीनीवर घातली.

दुसऱ्या दिवशी शिंप्याकडं कापड नेऊन दिलं. बाबा, तुम्ही लई वाळलाय, नव्यानं माप घेतो, असं तो म्हणाला. मी सुतळी पुढं केली. ह्या गाठींवर कर म्हणालो. आता नवी कोपरी अंगावर ढगळ होते, वाऱ्यानं फुगते. पेटीतली पेटीतच आहे. सुनेला सांगून ठेवलंय, मला तीच घाला, शिंप्याची.

राग गेलेला नाही. ती समोर असती तर मी आजही बोललो असतो. मशीनीवरची कोपरी मात्र कुणी हलवायची नाही, आणि मी गेल्यावरही तिचा गळा उसवायचा नाही, एवढं घरात सगळ्यांना बजावलंय.