ढगळ बुशशर्ट

आमच्या शेजारी राहणारा पोलीस एका जज्जसाहेबांचा अंगरक्षक आहे. ड्यूटी साध्या कपड्यांत. पिस्तूल दिसू नये म्हणून तो ढगळ बुशशर्ट घालतो, तोही न खोचता. देवास गेटच्या बाजारातून पिस्तुलासाठी मऊ चामड्याचं होल्स्टर शिवून आणलं, तरी कमरेला टोचतंच. खुर्चीत तिरका बसतो. "आदत झाली, वहिनी," म्हणतो.

परवा तो ड्यूटीवरून येताना माझी बालवाडीतली नात धावत त्याच्या कमरेला बिलगायला गेली. तो झटकन मागे सरला आणि ती रडायला लागली. तो घरी गेला, पिस्तूल कपाटात बंद करून, शर्ट खोचून परत आला आणि आमच्या ओसरीत मांडी घालून बसला.

"आता ये, बेटा."

ती रुसून माझ्यामागे लपली. हात पसरून तो तसाच बसून राहिला, ती येईपर्यंत.