नव्या भाताच्या आधी

“नाक घास.”

भावाच्या मुठीत माझा अंबाडा होता. देवघराच्या उंबऱ्यावर त्याने मला गुडघ्यांवर पाडलं होतं. मी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली बाई. तो माझा धाकटा. त्याचा शेंबूड मी पुसलाय.

“घास नाक देवापुढं. नायतर या घरात परत पाय ठेवायचा नाय.”

बाळांनो, माझ्या कपाळावरच्या खुणेबद्दल तुम्ही व्हिडिओ कॉलवर विचारलंत. तुमच्या बाबांनी परस्पर सांगून टाकलं, आजी बाथरूममध्ये घसरली. मी घसरले नाही. क्रमाने सांगते.

गेल्या वर्षी भात झोडून झाल्यावर मी शहापूरहून माहेरी गेले, धसईच्या पुढे. त्या दिवशी घरात नवं होतं. नवा तांदूळ शिजवायचा, पहिलं पान देवाला, मग माणसांनी जेवायचं. भावजयीने पानं वाढली. भाऊ देवघरात समई लावत होता. भाताची वाफ तोंडावर आली आणि माझे डोळे मिटले. तुमचे आजोबा गेल्यानंतर मी ख्रिस्ताची झाले. तेव्हापासून आभार मानल्याशिवाय मी घास उचलत नाही. नैवेद्य अजून व्हायचाय, हे ध्यानातच आलं नाही. शेवटी “आमेन” म्हणाले. हळूच. पण घर लहान.

भाऊ बाहेर आला.

“आमच्या देवाच्या आधी तुज्या देवाला दाखवलंस?”

“चुकून झालं रे. फक्त आभार मानले.”

“काय दिलं गो ताय तुला त्या चर्चवाल्यांनी? तांदूळ? आपल्या घरात तांदूळ कमी व्हता?”

आणि पानाला लाथ. कढत भात माझ्या मांडीवर. मग केस.

चुकीबद्दल मी हात जोडले असते. त्याला ते नको होतं. पहिल्यांदा ढकललं तेव्हा कपाळ चौकटीवर आपटलं. दुसऱ्यांदा रक्त डोळ्यात उतरलं. भावजय चुलीकडे तोंड करून बसली.

त्याच्या जोराने मी मोडले नसते. पण आई खाटेवरून उतरली. नव्वदीची. सरकत सरकत आली. पदराने माझं रक्त पुसलं.

“एकदा टेक ना गो डोकं. काय जाईल तुजं?”

याच देवांच्या वाती लहानपणी तिच्याशेजारी बसून मी वळल्या आहेत. त्यांच्याबद्दल माझ्या मनात वाईट काही नाही. फरशी वीतभर खाली होती. कपाळ टेकवलं असतं तर आई राहिली असती, माहेर राहिलं असतं. आणि मी आयुष्यभर खोटी.

“आई, माझं सगळं जाईल.”

दोन्ही हातांनी चौकट धरली. त्याने तिसऱ्यांदा ढकललं. मान वाकली नाही. केसांचा झुबका त्याच्या मुठीत राहिला. मी उठले आणि निघाले.

धसईला एसटीत एका बाईने विचारलं, “पडल्या काय गो आजी?”

“नाही. भावाने मारलं. मी येशूला सोडत नाही म्हणून.”

त्या दिवसापर्यंत माहेरी जाताना मी गळ्यातला क्रूस ब्लाउजच्या आत सरकवत असे. एसटीत तो बाहेर काढला. रक्ताने चिकट झाला होता.

तुमचे बाबा म्हणतात, “मिटव ना आई. तोंडदेखलं टेक डोकं.” प्रेमाने म्हणतात. त्यांनाही कळत नाही.

भावाला मी माफ केलंय. रोज प्रार्थनेत त्याचं नाव घेते. पण त्याच्या मारण्याला माझं घसरणं म्हणणार नाही. तुम्हीही म्हणू नका.

यंदा भात झोडून झालं की पुन्हा जाणार. क्रूस पदरावर. दार लावलं तर अंगणात बसेन, तिथून आईला हाक मारीन. पान वाढलं तर नैवेद्य होईपर्यंत थांबेन. ती त्यांची रीत. मग डोळे मिटून आभार मानीन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. हात उचलला तर उचलू दे. चौकट कुठे धरायची, मला आता ठाऊक आहे.