गोमतीबाईचा घरचा हिवाळा

गोमतीबाईला आपल्या गावचा हिवाळा पहिल्यांदा दिसला तेव्हा तिचं वय साठीला टेकलं होतं. तिचा बंजारा तांडा शिरपूर जैनपासून दोन कोसांवर. पण लग्न होऊन ती इथं आली तेव्हापासून दिवाळी आटोपली की ट्रक यायचा, कोयते, भांडी, अंथरुणं चढायची आणि म्हातारेकोतारे सोडून जवळजवळ सगळा तांडा ऊसतोडीला जायचा. परत यायचं ते पाडव्याच्या सुमारास, उन्हं तापल्यावर. तिचे चाळीसेक हिवाळे उसाच्या फडात गेले. आधी नवरा दौलतसिंग सोबत होता. तो वारल्यावर मुलगा बादल आणि सून मंजू.

गेल्या साली मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना तिचा पाय सटकला. गुडघा असा दुखावला की धड मांडी घालता येईना. दसऱ्याला बादलनं विषय काढला.

"याडी, तू यंदा घरीच राह्य." आईला तो गोरमाटीतल्या रिवाजानं याडी म्हणायचा, बाकीचं बोलणं निम्मंशिम्मं वऱ्हाडीच झालं होतं.

"घरी राहून मी करू काय?"

"काहीच नको करू. आराम कर."

आराम करायची तिला सवय नव्हती. ट्रक निघाला तेव्हा सगळ्यांच्या देखत ओट्यावर बसून राहायची तिला लाज वाटली. म्हणून ती आत जाऊन रिकामाच माठ विसळत राहिली. बाहेर आली तोवर रस्त्यावर धूळ तेवढी उरली होती आणि दारादाराला कुलूप.

पहिले आठ दिवस तिनं कसेबसे काढले. सकाळी धुकं यायचं, तुरीला पिवळा फुलोरा लागलेला, बांधावरच्या बोरी लगडलेल्या. हे सगळं आपल्या मागं दरवर्षी होत होतं आणि आपल्याला पत्ताच नव्हता, याचं तिला नवल वाटायचं. पण तेवढ्यानं दिवस सरायचा नाही.

शेजारच्या रुख्मिणीच्या हे ध्यानात आलं. लहानपणीच्या पोलिओनं रुख्मिणीचा एक पाय बारीक राहिलेला, त्यामुळं ती उसाला कधी गेलीच नाही. हिवाळ्यात बोरं वेचायची आणि शिरपूरला नेऊन विकायची.

"काय व गोमती, कुलपं मोजून राह्यली का?"

"करमत नाई बापा."

"उद्या चाल माझ्यासंग शिरपूरले. बोरं इकू अन् जैनाचं देऊळ पाहू."

"देऊळ तं आपल्याच गावचं हाय. त्यात काय पाह्याचं?"

"आतमंदी गेलती का कधी?"

 शिरपूरवरून गोमतीबाईचा ट्रक ऐंशी वेळा तरी गेला असेल. देवळात पाऊल टाकायची वेळ एकदाही आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोघी जीपनं गेल्या. बोरं विकली आणि दुपारी देवळाकडं वळल्या. तिथं गुजरातहून आलेली एक यात्रेकरू बाई गोमतीबाईच्या हातातल्या बलोयांकडं, त्या रुंद पांढऱ्या बांगड्यांकडं, घागऱ्यावरच्या आरशांकडं कौतुकानं पाहत होती. ही इथलीच म्हणून तिनं विचारलं, "बहनजी, मूर्ती किधर से दिखती है?"

"मले नाई मालूम बाई."

"आप तो यहीं की हैं ना?"

गोमतीबाईचं तोंड उतरलं. रुख्मिणीनं पुढं होऊन दोघींना वाट दाखवली. लोक एकामागून एक छोट्या झरोक्यातून वाकून दर्शन घेत होते. काळ्या पाषाणाची मूर्ती, डोळे शांत. ती जमिनीला टेकलेली नाही, अधांतरी आहे असं लोक सांगतात. गोमतीबाईचा गुडघा वाकत नव्हता, तरी ती भिंतीला हात लावून वाकली आणि मागच्या माणसानं खाकरेपर्यंत पाहत राहिली.

जीपमध्ये बसल्यावर ती म्हणाली, "रुख्मिणी, अजून काय काय हाय आपल्याकडं पाह्यासारखं?"

मग काय, तिला नादच लागला. संक्रांतीला ती रुख्मिणीबरोबर शिरपुरात घरोघर तिळगूळ घेत फिरली. एका सप्त्याला गेली, पंगतीत वाढपी कमी पडला तेव्हा गुडघा विसरून वरणाची बादली घेऊन उभी राहिली. देवळात तर तिच्या चार फेऱ्या झाल्या. चौथ्या वेळी अकोल्याकडच्या एका म्हाताऱ्याला तिनं स्वतः वाट दाखवली आणि वर चहा कुठं चांगला मिळतो तेही सांगितलं.

शिवरातीला दोघी रिसोडला जत्रेत गेल्या. गर्दी, धूळ, गोडीशेव, पिपाण्या. गोमतीबाईची नजर आकाशपाळण्यावर खिळली.

"यात बसाचं," ती म्हणाली.

"तुह्यं डोस्कं फिरलं काय? या वयात?"

"फडात होतो तवा लांबून दिसे कुठचा तरी पाळणा. रोज म्हणो, एकदा बसाचं. मले बसाचंच हाय."

पाळणेवाल्यानं आधी तिच्या गुडघ्याकडं पाहिलं, मग चेहऱ्याकडं, आणि हाताला धरून आत बसवलं. पाळणा वर गेला तशी रुख्मिणीनं डोळे गच्च मिटले आणि गोमतीबाईची ओढणी मुठीत धरली. गोमतीबाईनं मात्र डोळे मिटले नाहीत. खाली अख्खं रिसोड पसरलेलं. मोंढ्यातल्या सोयाबीनच्या थप्प्या, देवळाचा कळस, मशिदीचा मिनार, स्टँडवरच्या लाल गाड्या आणि गावाच्या कडेनं हिरवागार गहू.

"डोळे उघड व. सारं दिसून राह्यलं."

"मले नाई पाह्याचं. खाली उतरलो का सांग."

"उतरलो. आता परत वर चाललो."

रुख्मिणीनं तिथल्या तिथं तिला चार शिव्या घातल्या. गोमतीबाई इतकी हसली की खाली उतरल्यावर तिला डोळे पुसावे लागले.

शिवरात सरली तसे तिला होळीचे वेध लागले. कारखान्यावर होळी व्हायची, पण फडातून थकून आल्यावर, पाचटाच्या ढिगावर, घाईघाईची. तांड्याची खरी होळी तिनं माहेरी पाहिली होती. इथं ती विचारायला गेली देवलाकडं. पंच्याहत्तरीचा देवला मागं राहिलेल्यांमध्ये सगळ्यात वडीलधारा.

"होळी काय पेटवते?" देवला म्हणाला. "माणसं हायेत का तांड्यात? चार काड्या पेटवतो अन् नारळ टाकतो. बारा सालापासून असंच हाय."

"अकरा माणसं हाय. मी मोजली."

"अन् गेऱ्या? लगन न झालेला पोरगा पाह्यजे गेऱ्या म्हणून. लाकडं आणाले, एरंडाची फांदी उपटाले. कुठून आणशील?"

गोमतीबाईनं थोडा विचार केला. "सोमलाचं लगन कुठं झालं?"

सोमला कोपऱ्यात बिडी ओढत बसला होता. वय सत्तर. तरुणपणी एकदा जमलेलं लग्न मोडलं, पुन्हा कुणी मनावर घेतलं नाही. त्या विषयावर तांड्यात कुणी बोलायचं नाही.  गोमतीबाईला वाटलं, आपण नको ते बोललो. सोमलानं बिडी विझवली.

"नियमात बसते का?" त्यानं देवलाला विचारलं.

"वयाचा नियम नाई," देवला जपून म्हणाला.

"मंग आणतो लाकडं."

आणि त्यानं खरोखर आणली. आठ दिवस रोज थोडी थोडी, डोक्यावरून. म्हाताऱ्या बायका त्याला जाता-येता चिडवत होत्या, "गेऱ्या, हळद कवा लावाची?" आणि तो मान खाली घालून हसत होता. गोमतीबाईनं पळसाची फुलं उकळून रंग केला.

तांड्याची होळी पहाटे पेटते. उजाडायच्या जरा आधी अकरा जणं जमली. सोमलानं स्वच्छ धोतर नेसलं होतं, फेटा बांधला होता. होळी पेटल्याबरोबर त्यानं मधली एरंडाची फांदी उपटली आणि धापा टाकत बाजूला झाला. मग गोमतीबाईनं लेंगी धरली. लेंगी म्हणजे होळीतलं सवाल-जवाबाचं गाणं. बायांनी विचारायचं, पुरुषांनी उत्तर द्यायचं. फडात ती एक ओळ टाकायची आणि वीस गडी उचलायचे. इथं तिनं ओळ टाकली आणि कुणीच उचलली नाही. लाकडं तडतडत होती. तिनं पुन्हा तीच ओळ म्हटली. 

देवलानं घसा खाकरला. फाटक्या, पण सुरातल्या आवाजात त्यानं जवाब दिला. एके काळी साऱ्या पंचक्रोशीत देवलाची लेंगी नावाजलेली होती, हे फडातच होळ्या काढलेल्या गोमतीबाईला त्या पहाटेपर्यंत ठाऊक नव्हतं. तिनं दुसरा सवाल टाकला, त्यानं त्याहून तिखट उत्तर दिलं. बाया हसल्या, टाळ्या धरल्या, रुख्मिणी काठी टेकत गोलात फिरायला लागली. चांगलं उजाडलं तरी देवला थांबेना.

पाडव्याला बादल आणि मंजू परत आले तेव्हा तांड्यातल्या म्हाताऱ्यांच्या कपड्यांवर पळसाचे केशरी डाग होते. मंजूनं विचारलं, "आई, करमलं का तुमाले?" त्यावर गोमतीबाईनं संध्याकाळभर सांगितलं. मंजू हातांना तेल चोळत ऐकत राहिली. मग म्हणाली, "मले पण एकदा दाखवा ते देऊळ." त्याच आठवड्यात गोमतीबाईनं तिला नेलं.

पुढल्या दसऱ्याला बादल म्हणाला, "याडी, यंदा चाल. टोळीले भाकरी करणारं माणूस पाह्यजे. बसून काम हाय." गोमतीबाईनं दोन दिवस विचार केला. पोरांची आठवण तिला यायचीच, ती यंदाही येणार होती. पण तिनं नाही म्हणून सांगितलं. ट्रक निघाला तेव्हा ती रस्त्यावर उभी राहिली आणि मंजूचा हात हलताना दिसेना तोवर तिथून हलली नाही.

त्याच महिन्यात गोमतीबाई, रुख्मिणी, देवला आणि सोमला या चौघांनी मिळून जीप ठरवली आणि सगळी कारंज्याकडं काळविटं पाहायला गेली. लांबवर गवतात तीन दिसली, एक नर, शिंगं पिळदार. गोमतीबाईनं हात करून दाखवलं. देवलाची नजर अधू. तो म्हणाला त्या बकऱ्या आहेत, आणि परतीच्या सगळ्या वाटेवर सोमलाशी त्यावरून भांडत राहिला.