जेवणानंतर गिधाडं

ज्यांची मास्तरांना किळस येत नसे अशा गोष्टी जगात हाताच्या बोटांवर मोजण्यासारख्या होत्या. आणि पोट मात्र त्यांनी आयुष्यभर लोकांच्या घाणीवरच भरलं. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात, काउंटरमागच्या खोलीत, वाफ मारायची बंदूक हातात धरून ते कपड्यांवरचे डाग काढायचे. दुकानात सगळे त्यांना मास्तर म्हणत, म्हणून गल्लीही म्हणू लागली.

गिऱ्हाईक डागाबद्दल खरं सांगत नाही, हे त्यांना पहिल्याच वर्षी कळलं होतं. "कॉफी सांडली हो," असं म्हणून बाई कोट पुढे करायची. मास्तरांचं नाक सांगायचं की ही कॉफी पोटात जाऊन परत आलेली आहे. कसला डाग हे त्यांनी विचारणंच सोडून दिलं होतं. फक्त किती जुना, एवढं विचारायचे. मग हातमोजे चढवायचे, श्वास रोखायचे आणि कामाला लागायचे. कॉलरवरचा मेणचट काळा थर, काखेतला पिवळा, लहान मुलांच्या कपड्यांवरचं सगळंच. खिशांतून निघायचं ते वेगळं: शेंबडानं कडक झालेले रुमाल, अर्धी चोखलेली गोळी, एकदा चक्क कवळी. कवळीचा मालक ती न्यायला आला आणि आपलीच आहे ना, हे बघायला त्यानं ती काउंटरवरच तोंडात बसवून पाहिली. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत.

घरी त्यांचा पेला वेगळा, टॉवेल वेगळा, साबणाची वडीही वेगळी. कोणी चहाचा भुरका मारला की ते उठून गॅलरीत जात. मुलीच्या लहानपणी तर ते गॅलरीतच राहिले म्हटलं तरी चालेल. तिला उलटी झाली, घोळणा फुटला, कान वाहिला, की निस्तरायला आई. तिची हनुवटी फुटून टाके पडले तेव्हा मास्तर इस्पितळापर्यंत गेले, पण आत नाही. बाहेर गाड्या लावतात तिथे उभे राहिले. "मुलगी काय मी एकटीनं आणलीय?" असं बायको गॅलरीच्या दारातून विचारायची. घरात कोणाला बरं नसलं आणि शेजारणीनं विचारलं, "बाबा कुठे गं?" तर पोरगी सांगायची, "गॅलरीत. कुणीतरी ओकलं असणार."

या घरात एक नियम होता, आणि तो मास्तरांनीच घातलेला. भेट मिळालेली वस्तू देणाऱ्यासमोर, तिथल्या तिथे वापरायची. स्वेटर असेल तर अंगात घालायचा, मिठाई असेल तर तोंडात टाकायची. वर्षानुवर्षं कपाटात जपलेले, घडीवर पिवळे पडलेले, डांबरगोळ्यांनी भरलेले भेटीचे कपडे त्यांनी दुकानात इतके पाहिले होते की वस्तू ठेवून देण्याचीच त्यांना शिसारी बसली होती. वर्षअखेरीच्या सुट्टीत सगळे जमले की नियम पाळला जातो की नाही, यावर ते स्वतः नजर ठेवायचे.

यंदा मुलीनं त्यांच्या हातात चौकोनी, चपटी डबी ठेवली. वर गिधाडाचं चित्र. मान बिनपिसांची, आणि चोचीपासून मानेपर्यंत रक्तानं लाल.

मुलगी जंगली प्राण्यांवर माहितीपट काढणाऱ्या लोकांबरोबर हिंडते, हे मास्तर कोणाला नीट सांगत नसत. "कॅमेऱ्याचं काम आहे," एवढंच. ही तिची पहिली डिस्क, जिच्यावर तिचं नाव आलं होतं.

"मग? लावायची ना?" ती म्हणाली. "नियम तुमचाच आहे, बाबा."

"जेवण तर होऊ दे," मास्तर म्हणाले. जेवणानंतर हे आणखी वाईट होईल, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

ताटं विसळताना बायकोनं त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. "अहो, ऐका. आज उठायचं नाही."

"मी कुठे उठतोय?"

"उठणार. तुमचे पाय मला माहीत आहेत. पोरगी मला काय म्हणाली सांगू? बाबा या वेळी उठले, तर पुढच्या सुट्टीत मी टीमबरोबरच राहीन, येणार नाही. चिडून म्हणाली असती तर मी सोडून दिलं असतं. उद्या भाजी कसली करू, असं विचारावं तशी म्हणाली."

मास्तर दिवाणखान्यात आले आणि टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसले. बायकोचा भाऊ मांडीवर संत्र्यांची परडी घेऊन शेजारी होताच. मुलगी टीव्हीकडे तोंड करून बसली नाही. बाजूच्या वेताच्या मोड्यावर बसली, जिथून बापाचा चेहरा दिसेल. सिनेमा तिनं पाहिलेलाच होता.

आटत चाललेल्या डबक्याच्या काठावर एक रानरेडा मरून पडला होता. बाकी गोष्ट काहीच नव्हती. त्याला कोण कोण खातं, एवढीच. रेड्याच्या नाकाशी एक छोटा कॅमेरा लपवलेला होता. त्याची बॅटरी बदलायची आणि काच पुसायची, हे मुलीचं काम. रेडा आधी फुगला. पाय आडवे ताठ झाले. मग गिधाडं उतरली आणि मागच्या बाजूनं आत शिरू लागली.

"अरेच्चा! दार तिकडून आहे होय?" मामा म्हणाले आणि संत्र्याची बी तळहातावर थुंकले.

"सगळ्यात मऊ कातडं तिथेच असतं, मामा."

मास्तरांच्या तोंडाला पाणी सुटलं. पण ते भुकेचं नव्हतं. ते त्यांनी गिळलं, परत सुटलं, परत गिळलं. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात नुसतं आभाळ होतं, तिथे त्यांनी नजर नेऊन ठेवली. पण आवाजाला कोपरा नसतो. फाटण्याचा आवाज, ओढण्याचा, ओल्यातून काहीतरी सुटून येण्याचा. आणि उजव्या कानाशी मेव्हणा संत्रं चघळत होता.

"आवाज जरा कमी कर गं," बायको म्हणाली.

"राहू दे," मास्तर म्हणाले.

मग अळ्या आल्या. सगळा पडदा भरून, भात उकळावा तशा. मास्तरांनी खुर्चीचे हात धरले. दुकानातली घाण कपड्यावर असते, कपड्याला शिवण असते, बटण असतं, माल कोणाचा ते चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. इथे नुसतीच घाण होती, आणि ती कोणी कोणाकडे स्वच्छ करायला दिलेली नव्हती.

"भाऊजी, हिरवे पडलात," मामा म्हणाले. "एक फोड घ्या, बरं वाटेल." त्या फोडीवर मामांच्या अंगठ्याचा ओला ठसा होता.

"तू खा," मास्तर म्हणाले.

पडद्यावर एक गिधाड डबक्यात उतरलं. मानेपर्यंत माखलेलं. त्यानं डोकं बुडवलं, पंख झोडपले, पुन्हा बुडवलं. मग उन्हात जाऊन पंख पसरून उभं राहिलं.

"हे आंघोळ करतंय?" मास्तरांनी विचारलं.

"करतात, बाबा. जेवण झालं की पाणी शोधतात."

"सगळी?"

"पाणी जवळ असेल तर बहुतेक."

मास्तरांनी मेव्हण्याच्या चिकट बोटांकडे पाहिलं. त्यांना गिधाड बरं वाटलं असं नाही. मेव्हणा आणखी वाईट वाटला.

नावं सरकू लागली. मुलीचं नाव आलं, गेलं. मास्तरांनी सुटकेचा निःश्वास टाकला; पण डिस्क संपली नव्हती. चित्रीकरण कसं झालं, त्याचा तुकडा शेवटी जोडला होता. भर दुपारी मुलगी रेड्याजवळ ओणवी झालेली होती, आत ओढला गेलेला कॅमेरा काढायला हात आत घातलेले. ती उठली, धडपडत जीपमागे गेली आणि तिथे वाकून भडाभडा ओकली. कॅमेरा तिच्या मागे गेला. कोणीतरी हसलं. ती हनुवटीवरून ओघळ तसेच घेऊन वळली, आणि मास्तर उठले.

"गेले!" मागून मामांचा आवाज आला. "बसले होते बिचारे इतका वेळ."

मास्तर न्हाणीघरात वाकले आणि दुपारचं जेवण सगळं बाहेर पडलं. त्यांनी स्वतःचीच घाण पाहिली, तोंड वाकडं केलं, पाणी ओतलं. मग साबण लावून हात धुतले, पुन्हा लावून पुन्हा धुतले. बाहेर आले तर उजवीकडे गॅलरीचं दार होतं, अर्धं उघडं. थंड वारा आत येत होता. तिथे गेलं असतं तर कोणाला नवल वाटलं नसतं. मास्तर वाऱ्यात जरा वेळ उभे राहिले. दार ओढून घेतलं आणि डावीकडे वळले.

दिवाणखान्यात सिनेमा थांबवून ठेवलेला होता. पडद्यावर मुलगी वळतानाचीच, हनुवटीवर तसंच सगळं. रिमोट खऱ्या मुलीच्या हातात होता.

"उठलात," ती म्हणाली.

"आलो ना."

मास्तर खुर्चीत बसले. पडद्यावरच्या त्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हतं. ते पाहत राहिले.

"रोज असं व्हायचं तुला?"

"आधी रोज. मग मी न्याहारीच सोडली. बाकी कोणाला काही होत नव्हतं. मलाच."

"माझ्यावर गेलीस."

"आई तेच म्हणते."

"तोंड कशानं पुसलंस?"

"बाहीनं."

"शी! बाहीनं?" मास्तरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "रुमाल नव्हता?"

"खिशात हात कसे घालणार? कोपरापर्यंत भरले होते. खांद्याजवळची बाही तेवढी कोरडी होती."

मास्तरांनी थोडा विचार केला. "मग दुसरं काय करणार," ते म्हणाले. "लाव पुढे."

तिनं बटण दाबलं. पडद्यावरची मुलगी खांदा वर करून तोंड पुसू लागली, आणि मास्तरांनी मान वळवली नाही.

"पुढच्या सुट्टीत दुसरा भाग आणते," मुलगी टीव्हीकडे बघत म्हणाली. "तो शेणातल्या किड्यांचा आहे."

"आण," मास्तर म्हणाले, आणि तोंडावर हात धरला.